मुनाफभायचा खरोखरचा लंगडा पाय

शिळफाट्यावरच्या मुनाफभायच्या चपलांच्या दुकानातून ज्यानं कधी एकाच पायाचे दोन बूट घरी नेले नाहीत, तो माणूस खोपोलीत नवा समजावा. गिऱ्हाईक संध्याकाळी तणतणत परत आलं की मुनाफभाय डोळे मोठे करून विचारायचा, "दोनी डावे? आयला, मग माझे दोन उजवे घेऊन कोण फिरतोय रं?" आणि लगेच चहा मागवायचा. फसवलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही, एवढा नेम त्यानं पाळला होता. म्हणून तर साठी जवळ आली तरी त्याला अजून कुणी मारला नव्हता.

पुतण्या शारिकनं घर बदललं तेव्हा तर त्यानं हद्द केली. सकाळीच पायाला क्रेप बँडेज गुंडाळलं, कण्हत कण्हत गेला आणि बिल्डिंगच्या खाली खुर्ची टाकून बसला. बाकीचे घामाघूम होऊन लोखंडी कपाट वर चढवतायत आणि हा खालून ओरडतोय, "डावीकडं घ्या! अरे तुमची डावी नाय, माझी डावी!" बिर्याणीच्या डेगचीचं झाकण उघडलं तसं बँडेज खिशात गेलं आणि मुनाफभाय दस्तरखानावर सगळ्यांच्या आधी. रजिया, त्याची बायको, त्या दिवशी एवढी हसली की तिला ठसका लागला.

हसायला तिला आवडायचंच. फक्त एका गोष्टीवर केलेली थट्टा तिला चालायची नाही. लग्न झाल्यापासून तिला उमऱ्याला जायचं होतं. उमरा म्हणजे मक्केची यात्रा, हजपेक्षा छोटी, वर्षात कधीही करता येते. तिनं विषय काढला की मुनाफभाय म्हणायचा, "जाऊ की. आधी तिकडून बोलावणं तर येऊ दे. माझा नंबर बहुतेक त्यांनी सेव नाय केलेला." ती उठून आत जायची. पण या वर्षी लेकीनं, कर्जतला दिलेल्या फराहनं, आईबापाला न विचारताच दोघांची तिकिटं काढली. ईद झाली की निघायचं. रजिया दोन दिवस घरात काहीतरी गुणगुणत फिरत होती. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी मुनाफभायनं चकार शब्द काढला नाही.

मग तिनं फर्मान काढलं. "तिकडं लय चालायला लागतं. काबाभवती फेरे, परत दोन टेकड्यांच्या मधल्या येरझाऱ्या. दुकानात गादीवर बसून पाय लोण्यासारखे झालेत तुमचे. उद्यापासून सकाळी घाट चढायचा."

"घाट? अगं, मक्केत घाट हाय का?"

"तिकडं नसंल, तुमच्यासाठी इथं हाय."

आता घाट चढणारा मुनाफभाय कसला! त्यानं श्रीपतला गाठलं. श्रीपत म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. त्याला रोज पहाटे स्कूटरवरून जुन्या घाटरस्त्यानं वर जायची आणि एका वळणावरच्या टपरीत चहा प्यायची सवय होती. मुनाफभाय गल्लीच्या तोंडापर्यंत हात हलवत चालत जायचा. खिडकीतली रजिया दिसेनाशी झाली की टुणकन स्कूटरवर. वर जाऊन चहा, खारी, आणि उतरताना मात्र पायी, कारण घरी पोचताना घाम दिसला पाहिजे. श्रीपत पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून त्याच्या बाजूनं स्कूटर घरंगळत आणायचा आणि दोघं खालपर्यंत गावभरच्या चहाड्या करत यायचे.

दुसरी हुशारी चपलांची. उमऱ्यात पुरुषाला बूट चालत नाहीत, पाऊल उघडं राहील असं काहीतरी साधं लागतं. मुनाफभायनं विचार केला, सवयही आत्ताच करून घेऊ. दुकानात दहा नंबरची एक अंगठ्याची चप्पल वर्षानुवर्षं पडून होती, कुणी घेईना. त्याचा पाय आठ नंबरचा. गिऱ्हाईकाला अर्धा नंबर मोठा घेऊ न देणारा हा माणूस स्वतः ती फताडी चप्पल घालून घाट उतरायला लागला. पाऊल उचललं की चप्पल मागं राहायची, म्हणून बोटांनी ती घट्ट धरायची, चवडा वर ओढायचा, आणि टाच आपटत चालायचं. फटॅक, फटॅक. वळणावळणावर माकडं बाजूला व्हायची.

असे बरेच दिवस मजेत गेले. मग एके सकाळी पलंगावरून उतरताना उजव्या घोट्याच्या पुढं, जिथं नडगी संपते आणि पाऊल सुरू होतं तिथं, कळ आली. चार पावलं चालल्यावर ती गेली, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी उतरणीवर परत आली. मग जिना चढताना, मग नमाजात पाय दुमडून बसताना. नंतर नंतर तर साधा चवडा वर उचलला तरी आतून कुणी दोरी ओढल्यासारखं व्हायचं. त्यानं तेल चोळलं. बँडेज एवढं करकचून बांधलं की बोटं निळी पडायची बाकी राहिली. दुखणं वाढलंच.

शेवटी तो रजियाजवळ येऊन म्हणाला, "ऐक ना, माझा पाय दुखतोय."

रजिया भाकरी थापत होती. तिनं त्याच्या पायावरचं बँडेज बघितलं आणि फसकन हसली. "आज कुणाचं कपाट चढवायचं हाय?"

"नाय गं, खरंच दुखतोय. लंगडायला होतंय."

"लंगडून दाखवा."

तो लंगडला. रजिया आणखी हसली, आणि हसता हसता थांबली. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.

"यायचं नाय तुमाला," ती म्हणाली.

"काय?"

"उमऱ्याला. यायचं नाय. मग तोंडानं सांगा की. एवढी वर्षं थट्टेवारी घालवलंत, आता तिकिटं आली तर पाय पुढं केलात."

"अल्लाची शप्पथ रजिया..."

"शप्पथ घेऊ नका. शारिकच्या इथंबी घेतली होती."

ते खरं होतं. भाकरी जळाली. मुनाफभायनं ती निमूट खाल्ली.

दोन दिवस रजिया त्याच्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला तर ती फराहशी फोनवर बोलत होती. दारातच त्याच्या कानावर पडलं, "तुझ्या अब्बाचं तिकीट रद्द होत असंल तर बघ. तुझ्या सासूबाई येतात का विचार. मी एकटी थोडीच जाणार." आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यानं तो हसवून घालवला असता. ती दमल्यासारखी बोलत होती, आणि त्यावर त्याच्याकडं काही इलाज नव्हता. तो न जेवताच मागं फिरला.

श्रीपत पारावर पेपर वाचत बसला होता. त्यानं लंगडत येणारा मुनाफ बघितला आणि पेपरमागनं म्हणाला, "जय भीम लंगडेराव! आज कुणाला बनवायचंय?"

मुनाफभाय शेजारी बसला आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पारावर घेतला. श्रीपतनं पेपर खाली केला. पन्नास वर्षांच्या दोस्तीत या माणसानं एखादा टोला असा वाया जाऊ दिलेला त्यानं पाहिला नव्हता.

"खरंच दुखतोय काय रं?"

"खरंच दुखतोय. आणि ती म्हणते मला उमऱ्याला यायचं नाय."

"मग जायचं हाय ना तुला?"

मुनाफभायनं रस्त्याकडं बघितलं. "अरे, ती मीठ दोनदा टाकते. गाणी म्हणते. लग्नात एवढी खूश नव्हती ती. मी कसा नाय जाणार?"

"मग हे तिला सांग ना भाड्या, मला काय सांगतोस!" श्रीपत उठला. "चल, हर्षलाकडं जाऊ. भाबीलाबी घे. पाय काय तो एकदाचा तिच्यासमोरच ठरू दे."

हर्षला ही श्रीपतची भाची, लोधिवलीची. फिजिओथेरपी शिकून तिनं खालापुरात एका गाळ्यात दवाखाना टाकला होता. रजिया यायला तयार झाली, पण तिचा चेहरा सांगत होता की ही बाई चोरी पकडायला निघालीय. रिक्षात ती श्रीपतच्या पलीकडं बसली.

हर्षलानं आधी पायाला हातच लावला नाही. "मुनाफमामा, टाचांवर चालून दाखवा. चवडे वर, फक्त टाचा खाली."

मुनाफभाय उठला. डावा चवडा वर गेला. उजवा अर्ध्यात लटकला आणि खाली आपटला. त्यानं परत उचलला, तोंड वाकडं झालं, परत आपटला. एखादं बदक चिखलात अडकावं तसा तो खोलीच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. श्रीपतला राहवेना. तो फिस्सकन हसला आणि लगेच म्हणाला, "सॉरी, सॉरी." रजिया म्हणाली, "हे तर काय, हर्षला, याच्याहून झकास करतात ते."

"असं?" हर्षला म्हणाली. "मामा, इथं पडा. मामी, तुम्ही जरा इकडं या."

तिनं मुनाफभायच्या पावलावर पुढून बोट फिरवलं, एका जागी थांबवलं. मग रजियाचा हात धरून तिची दोन बोटं तिथं ठेवली. "हलकं धरा. दाबू नका. मामा, आता पाऊल हळू वर-खाली करा."

मुनाफभायनं पाऊल हलवलं. रजियाच्या बोटांखाली काहीतरी करकरलं. कोरी, खळ न काढलेली साडी मुठीत चुरगाळावी तशी करकर. आवाज नव्हता, नुसती बोटांना लागत होती. तिनं दचकून हात काढला. मग आपणहून परत ठेवला.

"आणि एकदा करा," ती हळू म्हणाली.

त्यानं केलं. करकर.

"हे नाटक करता येत नाय मामी," हर्षला म्हणाली. "नडगीचा स्नायू खाली येतो ना, त्याची इथून दोरी होते आणि पावलाला आतल्या बाजूनं बांधलेली असते. चवडा वर उचलायचं काम तिचं. टाच टेकल्यावर पाऊल धपकन आपटू नये म्हणून हळूहळू खाली सोडायचं कामबी तिचंच. ती दोरी चिडलीय. आता मला सांगा, तिच्याकडून एवढं काय काम करून घेतलंत?"

"रोज घाट चढतात की," रजिया म्हणाली. आवाजात पहिल्यांदाच थोडी काळजी होती. "मीच सांगितलं होतं."

"चढून नाय असं होत सहसा. उतरून जास्त होतं."

श्रीपत छताच्या पंख्याकडं बघायला लागला. तो पंख्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"श्रीपतमामा?" हर्षला म्हणाली.

"चढायचं माझ्या स्कूटरवर आणि उतरायचं पायी," श्रीपत एका दमात बोलून मोकळा झाला. "चपला दहा नंबरच्या. मी त्याला बोललो होतो भाबी, खारी कमी खा म्हणून."

रजियानं मुनाफभायकडं बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

हर्षला तोंडावर हात ठेवून हसली, मग गंभीर झाली. "म्हणजे नुसतं उतरणं, तेबी एकदम रोज. त्यात मोठी चप्पल बोटांनी धरून प्रत्येक पावलाला चवडा ओढायचा. वरून बँडेज आवळून त्याच दोरीवर दाब. अजून काय करायचं बाकी ठेवलंत?"

"तुटलीय का ती?" मुनाफभायनं डोळे न उघडता विचारलं.

"नाय. तुटली असती तर चवडा उचललाच गेला नसता. पण एकदम पडून राहायचं नाय, दोरी आणखी कमजोर होते. घाट बंद. सपाट रस्त्यावर थोडं चाला. मागं पट्टा असलेल्या, बरोब्बर मापाच्या सँडल घाला. आणि हा रबराचा पट्टा. टाच खाली टेकवून चवडा पट्ट्याविरुद्ध वर ओढायचा, धरून ठेवायचा, मग सावकाश खाली सोडायचा. सावकाश म्हणजे सावकाश. व्यायामानं जरा दुखलं तरी चालेल, दुसऱ्या सकाळी मूळपदावर आलं पाहिजे. सकाळी वाढलेलं असलं तर समजायचं काल जास्त झालं."

"उमऱ्याला जाता येईल?" हे रजियानं विचारलं.

"वेळ आहे अजून. बरीच सुधारणा होईल. अगदी पूर्ण बरं होईल असं आत्ता सांगणार नाय मी. तिकडं व्हीलचेअर मिळतात, लागली तर घ्यायची. त्यात लाज कसली?"

"खुर्चीवर?" मुनाफभाय ताडकन उठून बसला. "मी? गावात कळलं तर शारिक बँड लावील."

परत येताना रजिया रिक्षात त्याच्या शेजारी बसली, पण रस्ताभर बाहेरच बघत होती. शिळफाटा आला तेव्हा म्हणाली, "पाय खरा दुखतोय ते कळलं. मी तसं बोलायला नको होतं."

"जाऊ दे गं."

"पण यायचं हाय का नाय, ते कुठं कळलं?"

आणि उत्तराची वाट न बघता ती उतरली.

रबराचा पट्टा एकच दिवस टिकला. त्याची गलोल फार छान होते, असं मुनाफभायच्या लक्षात आलं. त्यानं श्रीपतच्या टोपीवर बोर मारलं, टोपी उडाली आणि पट्टा तुटला. घरी आल्यावर त्यानं हे खरं खरं सांगून टाकलं. रजियानं कपाळावर हात मारला, जुनी ओढणी काढली, तिचा फास त्याच्या चवड्यात घातला आणि स्वतः समोर पाटावर बसली.

"ओढा."

तो चवडा वर ओढायचा, ती ओढणी आपल्याकडं ओढायची. "धरा... धरा... आता सोडा हळू. हळू! बादली विहिरीत सोडताय का?" रोज सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर. सुरुवातीला तो मधेच डोळे फिरवायचा, "गेलो गं, गेलो," म्हणायचा. रजिया नुसती बघत राहायची आणि त्याचं हसू तोंडातच राहायचं. हळूहळू त्यानं ते सोडून दिलं. दोघं समोरासमोर बसायचे आणि मधे ओढणी ताणलेली असायची. बऱ्याच वर्षांत इतका वेळ ते एकमेकांसमोर बसले नव्हते. ती तिकडं कुठली दुआ मागायची ते सांगायची. तो ऐकायचा. एकदा तिनं विचारलं, "तुमी काय मागणार?" त्यानं चटकन काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं, आणि मग म्हणाला, "विचार करतोय."

सँडल त्यानं स्वतःच्याच दुकानातली घेतली, पाय मोजून. मशिदीतल्या मौलानांना दाखवली. टाच आणि बोटं उघडी राहतायत ना, मग चालेल, म्हणाले.

मधे एकदा घोळ झाला. पाय बरा वाटला म्हणून तो एका सकाळी सपाट रस्त्यानं चालत सुटला तो खालापूरच्या अलीकडं पोचूनच थांबला. दुसऱ्या दिवशी घोटा परत आखडला. जुना मुनाफभाय असता तर त्यानं लपवलं असतं, नाहीतर दहा पट करून दाखवलं असतं. तो जाऊन रजियाला म्हणाला, "काल जास्त चाललो. आज वाढलंय." तिनं बर्फाची पिशवी आणून दिली आणि थोडे दिवस चालणं कमी करून ओढणी चालू ठेवली. दुखणं परत उतरलं.

ईद झाली. निघायला आठवडा उरला तेव्हा हर्षला म्हणाली, "एकदा तिकडच्याएवढं चालून बघा, मधे बसत बसत. दुसऱ्या सकाळी पाय काय सांगतो त्यावर ठरवू."

रजिया आणि तो बरोबरच चालले. ती पुढं गेली की थांबायची, तो बसला की बसायची.

सकाळी मुनाफभायला जाग आली तेव्हा रजिया आधीच उठून पलंगाच्या कडेला बसली होती. त्याच्या पायाकडं बघत. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

त्यानं पाय खाली टेकवले आणि उभा राहिला. दार ते खिडकी चालला, परत आला. चवडा वर उचलून बघितला. त्याच्या अंगातली सगळी खोड एकदम जागी झाली. आत्ता एक किंकाळी मारली असती तर काय मजा आली असती! रजियाचा चेहरा बघितला आणि ती खोड जिथल्या तिथं विरघळली.

"थोडं हाय," तो म्हणाला. "गेलं नाय पूर्ण. पण कालच्याइतकंच हाय, वाढलं नाय. खरं सांगतोय."

रजियानं बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडली.

"आणि ऐक. तिकडं झालंच जास्त तर खुर्ची घेऊ. बसतो मी खुर्चीत. शारिकला फोटो पाठव, बँड लावू दे, काय करायचं ते करू दे. पण मी येणार हाय. रांगत यायला लागलं तरी येणार हाय. तुला एकटीला नाय सोडणार."

रजियानं पदराच्या टोकानं नाक पुसलं. मग फोन उचलला आणि कर्जतला लावला.

"फराह, झालं गं. दोघं जातोय. हां, अब्बाबी... पाय? पाय दुखतोय अजून थोडा."

फोनमधून फराहचं खिदळणं खोलीभर ऐकू आलं. "अम्मी, तू परत फसलीस! अब्बा नाटक करतायत!"

"नाय," रजिया म्हणाली, आणि मुनाफभायला पलंगावर बसायची खूण केली. "मला ठाऊक हाय. तू नको मला सांगू."